चांद एकच, पंचांगे दोन

फाल्गुन लागला की किन्हीराजाच्या शिवारात पळस फुलतो. हरभरा निघालेला असतो, गहू पिवळा पडलेला असतो आणि शेवटची वेचणी झालेली पऱ्हाटी रानात उभी असते. उन्हाची झळ अजून बाधत नाही. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला वर्षात दोनदा थोडी उसंत मिळते, त्यातली ही एक. गावाबाहेर पडावे, एखादी यात्रा करावी, फेडायचा राहिलेला नवस फेडून यावे, असे या दिवसांत वाटू लागते.

किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले गाव. इथून चारी दिशांना यात्रा आणि उरूस आहेत. पूर्वेला मंगरूळपीर. हजरत हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे त्या गावाच्या नावातच ‘पीर’ येऊन बसला. वायव्येला पातूर. जुन्या कागदांत त्याचे नाव ‘पातूर शेख बाबू’ असे सापडते. दक्षिणेला वाशीम, तिथले बालाजी मंदिर आणि पद्मतीर्थ. आग्नेयेकडे मानोरा तालुक्यात बंजारा समाजाची पोहरादेवी, जिथे रामनवमीला लाखोंचा समुदाय जमतो. आणि पश्चिमेला, मेहकर-चिखलीच्या पलीकडे, बुलडाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा.

या लेखाचा विषय आहे या टापूतला वसंत. पण वसंताचा इतिहास लिहायला बसले की पहिल्याच ओळीला प्रश्न उभा राहतो. कोणाचा वसंत? आपल्या घरात हिजरी कॅलेंडर आणि शेजारच्या घरात पंचांग. आपला मोहरम कधी पावसाळ्यात, कधी कडाक्याच्या उन्हात. मग ऋतूशी बांधलेल्या उत्सवांत आपली जागा कोणती? हा प्रश्न आपल्याला बाहेरचेही विचारतात आणि आता आपल्यातलेही काही जण विचारू लागले आहेत. त्याचे उत्तर भावनेच्या भरात न देता इतिहासाकडून घ्यावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

सैलानीपासूनच सुरुवात करू. दर्ग्याचा उरूस हा बहुधा हिजरी तारखेवर ठरतो. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे उरूस दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत साऱ्या ऋतूंची प्रदक्षिणा पुरी करतो. सैलानीची यात्रा मात्र सरकत नाही. ती होळीला भरते. हजरत अब्दुर्रहमान शाह सैलानी यांच्या दर्ग्याच्या परिसरात होळीच्या दिवशी नारळांची होळी पेटते. आजाऱ्यावरून उतरवलेले नारळ आणि अंगावरचे जुने कपडे भाविक त्या आगीत टाकतात. पुढे रंगपंचमीच्या सुमारास पिंपळगाव सराईहून बाबांचा संदल निघतो. संदलाची उंटीण पाहायला लोक दुतर्फा तिष्ठत उभे असतात. त्या गर्दीत हिंदू किती आणि मुसलमान किती हे कोणी मोजत नाही. मोजता येणारही नाही.

एका पीराची यात्रा होळीच्या तिथीवर का ठरली असावी? मला यामागे काही गूढ दिसत नाही. यात्रेला येणारा माणूस शेतकरी, शेतमजूर, बलुतेदार. तो मोकळा होतो फाल्गुनात. कापसाचे आणि रब्बीचे चार पैसे हातात येतात तेही याच सुमारास. बैलगाडीने रात्रीचा प्रवास करायचा तर पौर्णिमेचा उजेड हवा. ज्याच्या दारी लोक येतात, त्याने लोकांची वेळ सांभाळली. शेतीने ठरवलेली ही तारीख पीरानेही मान्य केली, एवढाच याचा अर्थ.

आणि ही तडजोड काही सैलानीपासून सुरू झालेली नाही. दख्खनच्या मुसलमानी राजवटींना ती साडेसहाशे वर्षांपूर्वीच करावी लागली होती. चंद्राच्या वर्षावर नमाज, रोजे, हज हे सारे चालते, पण शेतसारा चालत नाही. पीक चंद्र पाहून येत नाही. म्हणून मुहंमद तुघलकाच्या काळात, १३४४ च्या सुमारास, दख्खनेत शुहूर सन रूढ झाला. त्याची मोजणी अरबी, पण वर्ष सौर. ते सुरू होई सूर्य मृग नक्षत्रात शिरल्यावर, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. म्हणूनच शेतकऱ्याने त्याला ‘मृगसाल’ असे अस्सल मराठी नाव दिले. शिवकालातली आणि पेशवाईतली मराठी कागदपत्रे ज्यांनी हाताळली असतील, त्यांना हे ठाऊक आहे. इसन्ने, सलास, अर्बा, खमस हे अरबी आकडे मोडी लिपीत, ब्राह्मण कारकुनाच्या वळणदार अक्षरात लिहिलेले असतात आणि पुढे चंद्राची तारीख म्हणून रजब नाहीतर रमजान. पुण्याच्या पेशव्यांचा पत्रव्यवहार या सनावर चालला आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटले नाही.

पुढे अकबराने फसली सन काढला. ‘फसल’ म्हणजे पीक. शाहजहानच्या काळात, १६३६ मध्ये, तो दख्खनेत आला. तेव्हा वऱ्हाड मोगलांचा सुभा होता आणि वाशीम, म्हणजे त्या काळचे ‘बासिम’, त्यातले एक सरकार. ‘ऐन-ए-अकबरी’त त्याची नोंद आहे. पुढे वऱ्हाड निजामाकडे गेले आणि १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आले. बासिम जिल्हा १९०५ मध्ये मोडून अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम म्हणून पुन्हा वेगळा झाला. सरकारे बदलली, जिल्हे मोडले, पुन्हा जोडले गेले. हरभरा मात्र माघ-फाल्गुनातच निघत राहिला.

तेव्हा पहिली गोष्ट ही की ऋतूशी नाते जोडणे म्हणजे धर्मापासून ढळणे, असे या मातीतल्या मुसलमानांना कधी वाटले नाही. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात आजही वसंत पंचमीला पिवळी फुले वाहतात. ती प्रथा अमीर खुस्रोने सुरू केली, अशी श्रद्धा आहे. आपल्याकडची गोष्ट दरबारी नव्हे, तर शेतातली आणि बाजारातली आहे. म्हणूनच ती पुस्तकांत कमी आली.

बाजारातल्या गोष्टीकडे आता वळू. वसंतातल्या कुठल्याही जुन्या यात्रेत फेरफटका मारा आणि दुकानांकडे पाहा. गुलाल, बुक्का, अबीर, कुंकू कोण विकतो? पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा अत्तारांचा. बांगड्या कोणाकडे भरायच्या? कासार नाहीतर मणियार. गाद्या-रजयांचा कापूस पिंजणारा पिंजारी, विड्याचे पान लावणारा तांबोळी, बैलांच्या खुरांना नाल ठोकणारा नालबंद, विळे-कोयत्यांना धार लावणारा शिकलगार. यांतले बहुतेक जण मुसलमान. लेकीबाळींच्या हातात चुडा भरताना मणियारणीने दिलेला आशीर्वाद जितका खरा, तितकाच देवळातल्या पुजाऱ्याने दिलेला, असे मानणारे गाव होते. होळीला पोरांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्यांची माळ पडायची आणि शेजारच्या मुसलमान घरातल्या पोरालाही ती मिळायची. रंग खेळणे योग्य की अयोग्य यावर आज आपल्यात वाद होतात. ते व्हावेत, श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याने ठरवावा. पण ज्या गुलालावरून वाद घालतो, तो गुलाल कित्येक गावांत आपल्याच अत्ताराच्या पेटीतून गेलेला आहे, एवढे तरी माहीत असावे.

नालबंदाची गोष्ट वेगळीच. विदर्भात संक्रांतीपासून होळीपर्यंत शंकरपट भरत. बैलजोड्यांच्या या शर्यतींसाठी जोडीची निगा, नाल, सजावट यावर अख्खे कसब उभे होते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. जनावरांच्या हालांचा मुद्दा खराच होता आणि अटी हव्यातच. पण मधल्या सात-आठ वर्षांत आणि त्याआधी ट्रॅक्टर आल्यापासून, किती नालबंदांची पोरे हा धंदा सोडून गेली, याची नोंद कोणी ठेवली नाही. परवानगी परत मिळते, हातातून गेलेले कसब परत येईलच असे नाही.

वसंत म्हणजे तमाशाचा, लावणीचा, फडाचाही हंगाम. मराठी शाहिरीचा इतिहास सांगताना सगनभाऊचे नाव वगळून पुढे जाताच येत नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळातला हा शाहीर जेजुरीचा, जातीने मुसलमान, धंद्याने शिकलगार. दिवसा हत्यारांना धार लावायची आणि रात्री डफ-तुणतुण्यावर लावणी. त्याच्या लावण्यांनी होनाजी बाळाच्या फडाशी टक्कर घेतली. पुढच्या शतकात बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल ‘अमर शेख’ या नावाने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा आवाज झाले. १९१६ ते १९६९ एवढेच आयुष्य लाभलेल्या या माणसाने मैदानेच्या मैदाने डफावर हलवली. आणि या दोघांच्याही आधी सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहून मराठी संतपरंपरेत आपली जागा घेतली होती.

कलगी-तुऱ्याची कुळकथा तर याहून बोलकी आहे. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर. दोघे एकमेकांशी कवनांत सवाल-जवाब करत. चंदेरीच्या राजाने प्रसन्न होऊन एकाला आपल्या शिरपेचातला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. माळवा-मेवाडपासून महाराष्ट्रापर्यंत ही कथा सांगितली जाते. तुरेवाले शिवाचा पक्ष घेतात, कलगीवाले शक्तीचा. ही कथा जशीच्या तशी घडली का, हा इतिहासाचा प्रश्न झाला. पण तीन-चार प्रांतांतले फडकरी आपले मूळ सांगताना एक गोसावी आणि एक फकीर समोरासमोर बसवतात, हा स्वतःच एक ऐतिहासिक पुरावा आहे. भांडण होते, पण ते गाण्यातून. हरलेला शाहीर दुसऱ्या वर्षी नवी कवने रचून परत येई.

याच दिवसांत तांड्यांवर लेंगी घुमते. वाशीम-यवतमाळ हा बंजारा वस्तीचा मुलूख. होळीच्या आधीपासून रात्री लेंगी गीते गात स्त्री-पुरुष फेर धरतात. वर्षभरात जन्मलेल्या बाळाची ‘धुंड’ होळीला करतात, सारा तांडा त्या घरी गोळा होतो. या गाण्यांचे शब्द गोरमाटी बोलीतले, ठेका मात्र साऱ्या टापूच्या ओळखीचा.

वाशीमला वसंताचे हे वेड जुने आहे. हे शहर म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. या शाखेचा राजा सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता, ‘हरिविजय’ हे त्याचे काव्य. इथल्या काव्यरीतीला पुढे ‘वच्छोमी’ असे शहराच्याच नावाने ओळखू लागले. सन ९०० च्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसा’त एक रूपककथा सांगितली आहे. काव्यपुरुष रुसून निघतो, साहित्यविद्या त्याच्या मागे देशोदेशी फिरते आणि अखेर दोघांचा विवाह होतो तो विदर्भातल्या वत्सगुल्मात. त्याच राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत नाटकाला वसंतवर्णनाने सुरुवात होते आणि त्याची नायिका येते तीही याच नगरातून. काव्य आणि विद्या यांचे लग्न लावायला संस्कृत पंडिताला भारतभरातून आपलेच गाव सापडावे, याचा अभिमान वाशीमकरांनी धरावा, त्यात हिंदू-मुसलमान असा भेद करण्याचे कारण नाही. इथे राहणाऱ्या प्रत्येकाचा तो वारसा आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे सारे गोड गोड चित्र झाले. तसे नाही. आपल्या परंपरेचा हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजू मांडायला हव्यात.

सैलानीच्याच यात्रेत मनोरुग्णांना घेऊन येणारी कुटुंबे दिसतात. बाहेरची बाधा झाली, असे समजून वर्षानुवर्षे दर्ग्याच्या आसऱ्याला ठेवलेली माणसे दिसतात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले पंचविसाहून अधिक मनोरुग्ण जागच्या जागी जळून गेले. हे आपण विसरता कामा नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुवा’ असा उपक्रम झाला. दर्ग्यातच डॉक्टर बसतात आणि मुजावरच भाविकाला त्यांच्याकडे पाठवतात. श्रद्धा न दुखावता उपचार पोचवण्याचा हा मार्ग आपल्याकडच्या दर्ग्यांनाही चोखाळता येईल. नारळाची होळी पाहून आपण गहिवरतो. त्या होळीशेजारी बसलेल्या आजारी माणसाला औषध मिळाले का, हेही विचारले पाहिजे. यात्रेवर प्रेम असेल तर हे विचारणे आपलेच काम आहे.

दुसरी बाजू अलीकडची. अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यातल्या मढी गावी कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. रंगपंचमीला तिथे गाढवांचा प्रसिद्ध बाजार भरतो. कानिफनाथांना शाह रमजान म्हणूनही मानणारे लोक पिढ्यांपासून तिथे येत आले. २०२५ च्या फेब्रुवारीत मढीच्या ग्रामसभेत ठराव झाला की या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने लावू द्यायची नाहीत. पुढे गटविकास अधिकाऱ्यांनी तो ठराव रद्दबातल ठरवला, हे खरे. पण ठराव मांडावासा वाटला, हेही तितकेच खरे. त्याच वर्षी १४ मार्चला रंगाचा दिवस आणि रमजानातला जुमा एकत्र आले. उत्तर प्रदेशात काही शहरांतल्या मशिदी ताडपत्रीने झाकल्या गेल्या.

आणि आपल्याकडून? आपल्याकडूनही दारे लोटली जात आहेत. संदल ही बिदअत, कव्वाली हराम, जत्रेत दुकान लावणे म्हणजे शिर्कात भागीदारी, असे सांगणारे वाढले आहेत. एक बाजू म्हणते, तुम्ही येऊ नका. दुसरी म्हणते, तुम्ही जाऊ नका. दोघांचे भांडण एकमेकांशी असल्याचे दिसते, पण हकनाक मरतो तो बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन यात्रेला निघालेला मणियार. वर्षभराची त्याची बेगमी त्या पंधरा दिवसांवर असते. धर्म शुद्ध करू पाहणाऱ्यांनी एकदा त्याच्या घरातल्या चुलीचा विचार करावा.

बदलाची आणखी एक बाजू आहे, आणि तिला कोणाचा द्वेष कारणीभूत नाही. ज्वारी-कपाशीचा हा पट्टा गेल्या काही दशकांत सोयाबीनचा झाला. सोयाबीन निघते दसरा-दिवाळीच्या आसपास, पैसाही तेव्हाच हातात येतो आणि फाल्गुन येईपर्यंत खर्चूनही जातो. फडाची जागा आधी व्हिडिओने घेतली, मग डीजेने. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे यात्रा भरल्याच नाहीत आणि त्या दोन वर्षांत मोडलेले काही छोटे दुकानदार पुन्हा उभे राहिले नाहीत. वसंत तोच आहे, त्याच्याभोवतीची माणसांची घडी विस्कटली आहे.

मग करायचे काय? १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण सांगत आलो की मराठी ही आमची मातृभाषा आहे, आम्ही या मातीतले आहोत. सांगणे पुष्कळ झाले. आता नोंदी हव्या आहेत. आपल्या गावच्या यात्रेत कोणती दुकाने कोणाची होती, संदलाचा मान कोणाकडे, डोल्याला खांदा कोण देत असे, कुठल्या फडात कोण ढोलकी वाजवत असे, हे सांगणारे सत्तरी-ऐंशीतले म्हातारे अजून आहेत. आजी-आजोबांच्या उशाशी बसून हे लिहून घ्यायला ना अनुदान लागते, ना पदवी. किन्हीराजासारख्या हजारो गावांचा इतिहास गॅझेटियरमध्ये दोन ओळींपलीकडे जात नाही. तो लिहायचा तर गावातल्या लेकरांनीच.

जाता जाता पुन्हा पंचांगाकडे. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला आला आणि ईद ११ एप्रिलला. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला. हा चमत्कार नव्हे. पाडवा अमावास्येनंतरच्या पहिल्या तिथीला येतो, ईद अमावास्येनंतरचा पहिला चांद दिसल्यावर. दोन्ही पंचांगे एकाच चंद्राकडे पाहतात. फरक एवढाच की हिंदू पंचांग साधारण तीन वर्षांनी एक अधिक महिना धरून सूर्याची वाट पाहते, हिजरी कुणासाठी थांबत नाही. म्हणून हे सण दोन-तीन वर्षे हातात हात घालून चालतात आणि मग दूर जातात. सुमारे तीस वर्षांनी पुन्हा भेटतात.

ही पुढची भेट होईल तेव्हा आपल्यातले पुष्कळ जण नसतील. त्या वर्षी शेजारच्या घरातली गाठी आपल्या नातवाच्या गळ्यात पडेल का, आणि आपल्या घरचा शीरखुर्मा त्या घरी जाईल का, हे मात्र चंद्रावर अवलंबून नाही.